‘एक रुपयाचं काम नाही’ म्हणून विकली जाणारी जुनी अल्टो खरंच कितीला पडते?

फेसबुक उघडा, आपल्या जिल्ह्याच्या ‘जुनी वाहने खरेदी-विक्री’ ग्रुपवर जा. दहा मिनिटांत ही जाहिरात दिसणार म्हणजे दिसणार. “मारुती अल्टो एलएक्सआय, २०११, सेकंड ओनर, डॉक्टरांनी वापरलेली गाडी, एसी चिल्ड, टायर ८० टक्के, एक रुपयाचं काम नाही. किंमत ९५ हजार, बसून बोलू.” खाली ठरलेल्या कमेंट्स. “लास्ट किती?” “लोकेशन?” आणि कुणीतरी एक उगाच “४० ला देता का” असं विचारणारा.

ही जाहिरात बघून हसणारे खूप असतात, पण थांबून वाचणारेही असतात. टू-व्हीलरवर चौघं मावत नाहीत, पावसाळ्यात पोराला शाळेत सोडायचं असतं, वडिलांना महिन्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं असतं. नवीन छोटी गाडी रस्त्यावर येईपर्यंत चार-पाच लाखांच्या घरात जाते, हप्ता झेपत नाही. साठवलेले लाखभर रुपये मात्र असतात. म्हणजे कुणाची तरी सगळी बचत या एका व्यवहारात जाणार असते. म्हणून या गाडीचं नेमकं काय बिघडतं, कशाला किती लागतात आणि कुठं फसायला होतं, ते नीट बघू.

आधी अल्टोच का, ते थोडक्यात. मारुतीनं अल्टो भारतात आणली २००० साली. तेव्हा राज्य होतं मारुती ८०० चं. १९८३ मध्ये आलेल्या ८०० नं मध्यमवर्गाला गाडीत बसवलं, आणि तिच्या उतरत्या काळात तिची जागा अल्टोनं घेतली. पुढं बरीच वर्षं देशात सगळ्यात जास्त खपणारी गाडी अल्टोच होती. २०१० मध्ये मोठ्या इंजिनची के-टेन आली, २०१२ मध्ये नव्या रूपातली अल्टो ८०० आली आणि जुनी अल्टो बंद झाली. आज लाखाच्या आत मिळते ती बहुतेक हीच, २०१२ च्या आधीची. ७९६ सीसी, तीन सिलेंडर, साधारण ४७ हॉर्सपॉवर.

इतकी विकली गेल्याचा एक मोठा फायदा आजही मिळतो. हिचं काम न येणारा मेकॅनिक शोधून सापडत नाही. पार्ट तालुक्याच्या दुकानातही असतात, कंपनीचा हवा तर कंपनीचा, लोकल हवा तर लोकल, अगदीच नाही तर भंगारातला. दहा-बारा वर्षांपूर्वीची एखादी ऐटबाज परदेशी हॅचबॅक आज अल्टोच्याच भावात मिळते, पण तिचा एक सेन्सर गेला की महिनाभर वाट बघत बसावं लागतं. स्वस्त जुनी गाडी घ्यायची तर पार्ट कोपऱ्यावर मिळणारी घ्यावी, यात आमच्या मते वाद घालण्यासारखं काही नाही.

आता बिघाडांकडे येऊ.

गाडी बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बोनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि काही कळलं नाही तरी मान हलवतो. खरं तर या गाडीचं इंजिन हा त्यातल्या त्यात कमी काळजीचा भाग. साधं इंजिन आहे, वेळेवर ऑइल बदललं असेल तर लाख-दीड लाख किलोमीटर सहज निघतात. तीन सिलेंडर असल्यामुळे उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवते, तेवढी चालते. डॅशबोर्ड खडखडायला लागला, गियरचा दांडा हातात नाचायला लागला, तर इंजिन माउंटिंगचे रबर बसलेत असं समजायचं. ते काम फार खर्चाचं नसतं.

इंजिनाला मारते ती उष्णता. इथं थोडं थांबू, कारण बहुतेक जुन्या अल्टोंचं इंजिन याच एका कारणानं उघडावं लागतं.

रेडिएटरमध्ये कूलंट घालायचं असतं. ते फक्त पाणी थंड ठेवत नाही, आतल्या धातूला गंज धरू देत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गाडी गेली की कूलंटचा डबा विकत आणायचं बंद होतं आणि नळाचं, कधी बोअरचं पाणी सुरू होतं. त्या पाण्यातले क्षार आत साचत जातात, रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात, पाणी लालसर होतं. पुढं थर्मोस्टॅट अडकतो. मग कुणीतरी मेकॅनिक सांगतो, “काढूनच टाकू, गरज नाय त्याची,” आणि तो खरंच काढून टाकतो. त्यानंतर इंजिन योग्य तापमानाला यायलाच वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं. गावात, शाळेपर्यंत, बाजारापर्यंत काहीच कळत नाही. मग मे महिन्यात चौघं बसवून, एसी लावून तुम्ही खंबाटकी चढायला घेता, वर ट्रॅफिक लागलेलं असतं आणि रेडिएटरचा फॅन चालू होत नाही. काटा वर जातो. माणूस म्हणतो, “घाट संपला की थांबू.”

तेवढ्यात नुकसान होऊन जातं. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. जास्त तापलं की ते किंचित वाकतं, खालचं गॅस्केट फुटतं, पाणी आणि ऑइल एकत्र व्हायला लागतं. मग हेड काढा, वर्कशॉपमधून फेसिंग करून आणा, गॅस्केट बदला, परत जोडा. गावातल्या गॅरेजमध्येही हे काम साधारण सहा ते दहा हजारांत जातं. काटा वर जाताना दिसला तर एसी बंद करून गाडी बाजूला लावणं, इंजिन बंद करणं आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात न लावणं, एवढंच हातात असतं. तापलेलं झाकण उघडून तोंडावर उकळतं पाणी उडालेली माणसं घाटात काही कमी नाहीत.

म्हणून गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. गरम लागलं तर का तापवून ठेवलीय, हे विचारायला हरकत नाही. गार इंजिनात रेडिएटरचं झाकण उघडून आतलं पाणी बघा, गंजलेलं लाल आहे की कूलंटचा रंग आहे. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा, दुधाळ कॉफीसारखा थर असेल तर पाणी मिसळत असण्याची शक्यता मोठी. मग गाडी चालू करून मागं जाऊन उभं राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीच्या सकाळी दोन मिनिटं आला तर ठीक, इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर संशय घ्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते बहुतेकदा कमी खर्चात निस्तरतं.

टायमिंग बेल्टचा विषय लोक विसरतात. या ८०० सीसीच्या इंजिनात टायमिंगला रबरी बेल्ट आहे, के-टेनमध्ये चेन आहे. बेल्ट तुटला की गाडी आहे तिथं बंद पडते, हायवे असो की रेल्वे फाटक. तुटण्याआधी तो आवाज वगैरे काही करत नाही. ‘बेल्ट कधी बदललाय?’ या प्रश्नाला बिल दाखवून उत्तर मिळालं नाही, तर बदललेला नाही असं धरून चालायचं आणि घेतल्या घेतल्या बदलायचा. मजुरीसकट अडीच हजारांच्या आसपास काम होतं.

क्लच या गाडीत केबलचा आहे. पेडल जड झालं, चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पुढं सरकत नाही, असं झालं की क्लच प्लेट संपली. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सेट एकदमच टाकायचा, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. पाच-सहा हजार. ट्रायल घेताना एका छोट्या चढावर गाडी थांबवून परत उचलून बघा, क्लच आणि हँडब्रेक दोन्हीचा निकाल तिथंच लागतो. मोकळ्या जागेत स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, पुढच्या चाकातून ‘कट कट’ आला तर एक्सलचा जॉइंट गेलाय. खड्ड्यातून जाताना ‘गुड गुड’ आवाज येत असेल तर शॉकअप, बुश, लोअर आर्म यातलं काहीतरी. आपल्याकडच्या रस्त्यांवर पंधरा वर्षं चाललेल्या गाडीत हे निघणारच, त्यावरून गाडी नाकारायची गरज नाही, पैसे कमी करून घ्यायचे.

“एसी चिल्ड” या शब्दावर फार विश्वास ठेवू नका. गॅस भरून पंधरा दिवस कुठलाही एसी चिल्ड राहतो. लीक असते ती डॅशबोर्डच्या आत बसवलेल्या कूलिंग कॉइलमध्ये, आणि ती बदलायला डॅशबोर्ड उघडावा लागतो. शिवाय ८०० सीसीच्या इंजिनाला एसी ओढताना धाप लागते, ती कुठल्याच दुरुस्तीनं जात नाही. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का, तेही याच दमात बघून घ्या. बाप्पाचं वाहन आपल्या वाहनात संसार थाटतं आणि मग हॉर्न दाबल्यावर वायपर चालू होतो.

टायरचे ‘८० टक्के’ म्हणजे नक्षी ८० टक्के. पण उभ्या गाडीचं रबर न झिजताही कडक होतं, तडकतं. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ २३१७. म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही चांगली दिसली तरी आठ-नऊ वर्षांचा टायर घेऊन पावसात एक्सप्रेसवेवर जाऊ नये. चार नवीन टायर, बारा हजारांच्या आसपास.

इथपर्यंत जे सांगितलं त्या सगळ्याला पैसे टाकले की इलाज आहे. पुढच्या दोन गोष्टींना तो जवळपास नाही. एक गंज, दुसरी कागदपत्रं. आणि बघायला गेलेली बहुतेक माणसं नेमक्या याच दोन गोष्टी बघत नाहीत.

गंज वरून दिसत नाही, कारण विकायच्या आधी पत्र्याला पुट्टी लावून रंग मारलेला असतो. पायाखालचं मॅटिंग उचलून खालचा फ्लोअर बघा. दाराचा खालचा काठ, दाराखालचं रनिंग बोर्ड, डिकीत स्टेपनीची जागा आणि पुढच्या शॉकअपचा वरचा भाग जिथं बॉडीला बसतो ती जागा, एवढं तरी तपासाच. बोटानं दाबल्यावर पत्रा कुरकुरला किंवा आत गेला तर तिथं पत्रा उरलेला नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, मुंबई, गोवा या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहिलेली गाडी आणि सोलापूर, जालन्याकडं वापरलेली गाडी एकाच सालच्या असल्या तरी खालून बघितल्यावर दोन वेगळ्या पिढ्यांच्या वाटतात. पॅच मारता येतो, पण गंज पॅचच्या कडेनं पुढं सरकत राहतो. शॉकअपच्या किंवा सस्पेन्शनच्या जोडाशी गंज लागला असेल तर तो दिसण्याचा प्रश्न उरत नाही, सुरक्षेचा होतो. अशी गाडी साठ हजारांत मिळाली तरी महागच.

याचाच भाऊ म्हणजे पुराची गाडी. २००५ च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारात उभ्या राहतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या भागावर मातीची रेघ राहिलेली असते, कारण तो कुणी धुवत नाही. सीटच्या खालच्या रेल्समध्ये आणि डॅशबोर्डच्या खाली हात घालून बघा, गाळ असतो. आणि गाडीत भरमसाट सेंट मारलेला असेल तर कशाचा वास लपवलाय, हा प्रश्न स्वतःला विचारा.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, ती तपासून घेऊन दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं ‘१५ वर्षं झाली की गाडी भंगारात’ असा नियम महाराष्ट्रातल्या खासगी गाड्यांना नाही. ती चर्चा दिल्ली-एनसीआरमधल्या निर्बंधांवरून सुरू झाली आणि इकडं पसरली. मात्र नूतनीकरण आता पूर्वीसारखं चिल्लर पैशात होत नाही. कारसाठीचं शुल्क ६०० रुपये होतं, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांपेक्षा जुन्या कारला ते १०,००० केलं. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये वेगळे. वर राज्याचा पर्यावरण कर.

म्हणजे २०११ ची अल्टो ९५ हजारांना का निघालीय, याचं उत्तर पुष्कळदा आरसीवरच्या एका तारखेत असतं. मुदत संपत आलेली असते, मालकाला तो खर्च आणि आरटीओचे हेलपाटे नको असतात. गाडी घेण्यात गैर काही नाही, पण मग हा खर्च भावातून कापून घ्या किंवा ‘पासिंग करून द्या, मग घेतो’ असं सांगा. यावर विकणाऱ्याचा चेहरा कसा होतो, त्यावरून गाडीबद्दल बरंच कळतं.

आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का, चलन बाकी आहेत का, पत्ता कुठला आहे, हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बघता येतं. दिल्लीकडची गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून उडी मारणाऱ्यांनी एनओसी आणि महाराष्ट्रात परत भरावा लागणारा रस्ते कर आधी मोजावा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट लागते, महाराष्ट्रात कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. आणि सीएनजी किट असेल तर ते आरसीवर चढलेलं आहे का, टाकीची दर ३ वर्षांची हायड्रो टेस्ट झालीय का, विम्यात त्याची नोंद आहे का, तिन्ही बघायचं. आरसीवर नसलेलं किट म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात दिलेलं आयतं कारण.

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ई-२० पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि पंधरा वर्षांपूर्वीची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, हे खरं. २०२३ नंतरच्या गाड्यांचे पार्ट ते धरून बनवलेत. पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या खुलाशात ई-२० साठी न बनलेल्या गाड्यांचं मायलेज साधारण ३ ते ६ टक्क्यांनी घटेल असं म्हटलं आणि काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी पार्ट, गॅस्केट बदलावे लागतील हेही मान्य केलं. इंजिन उडेल वगैरे व्हिडिओंवर झोप उडवून घेऊ नका. पण पंधरा वर्षांचे पेट्रोलचे पाइप तसेही कडक झालेले असतात, ते एकदा बदलून घ्या आणि बोनेटमधून पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी दाखवा. आठवड्यातून एकदा वापरायची गाडी असेल तर टाकी फुल्ल करून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

चला, आता वही काढू. भाव करून गाडी ९० हजारांना घेतली असं धरू. आकडे गावागणिक थोडे बदलतील, अंदाज मात्र येईल. ऑइल, फिल्टर, प्लग, कूलंट अशी पहिली सर्व्हिस ४ हजार. टायमिंग बेल्ट अडीच हजार. टायर १२ हजार. बॅटरी ४ हजार. क्लच साडेपाच हजार. शॉकअप-बुश ८ हजार. झाले ३६ हजार. हे सगळंच एका गाडीत निघेल असं नाही, पण यातलं अर्धं पहिल्या सहा महिन्यांत निघतंच आणि उरलेलं दुसऱ्या वर्षी. नावावर करणं, नंबरप्लेट, विमा, पीयूसी मिळून ५-६ हजार. पासिंग आलं असेल तर शुल्क, कर, एजंट धरून अजून १०-१२ हजार. ९० ची गाडी १ लाख ४० हजारांच्या पुढं गेली. जाहिरातीतल्या ‘एक रुपयाचं काम नाही’ची ही खरी बेरीज.

दरवर्षीचं बघा. महिन्याला ५०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ६,००० धरू. शहरात १५ चं मायलेज धरलं तर ४०० लिटर पेट्रोल, १०४ च्या भावानं ४१,६०० रुपये. सर्व्हिस ५ हजार. विमा ३ हजार, कारण १,००० सीसीपर्यंतच्या कारचा नुसता थर्ड पार्टी दर २,०९४ रुपये आहे, त्यावर कर आणि मालकाचा अपघात विमा. किरकोळ-मोठी कामं सरासरी १३ हजार. एकूण ६२,६००, म्हणजे किलोमीटरला साडेदहा रुपयांच्या आत. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे आहे. चौघांच्या घराला हा हिशोब परवडतो.

पण हीच गाडी वर्षाला फक्त १,५०० किलोमीटर चालली तर? पेट्रोल १०,४०० वर येतं, सर्व्हिस आणि विमा तेवढेच राहतात, आणि दुरुस्ती चौथाई होत नाही, कारण उभ्या गाडीची बॅटरी मरते, रबर कडक होतं, ब्रेक जाम होतात. दुरुस्ती ८ हजार धरली तरी २६,४०० होतात, किलोमीटरला साडेसतरा रुपये. रिक्षापेक्षा महाग. यात गाडी घेताना गुंतलेले लाख-दीड लाख धरलेलेच नाहीत. सोसायटीत कव्हर घालून उभ्या असलेल्या कित्येक अल्टोंचा हिशोब हाच आहे. फक्त लग्नाला आणि गणपतीला गावी जायचं असेल तर भाड्यानं गाडी करणं स्वस्त पडतं, असं आमचं सरळ मत आहे.

एक गोष्ट या वहीत मांडता येत नाही. या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. तिच्यानंतर आलेल्या अल्टो ८०० च्या एअरबॅग नसलेल्या मॉडेलला २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये शून्य स्टार मिळाले होते. गावात, बाजारात, ४०-५० च्या स्पीडनं चालवायला ही गाडी उत्तम. चार माणसं भरून रात्री समृद्धीवर शंभरनं पळवायची ही गाडी नाही. मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावायचा आणि लहान मूल मांडीवर घेऊन पुढं बसायचं नाही, एवढं फुकटात जमतं.

घ्यायची कुणी मग? रोज पंधरा-वीस किलोमीटर जाणं-येणं आहे, ओळखीचा मेकॅनिक आहे, गाडी घेऊन झाल्यावर हातात ४०-५० हजार शिल्लक राहतात, त्यांनी खुशाल घ्यावी. हातात एक लाख आहेत म्हणून एक लाखाची गाडी घेणाऱ्यानं अजून सहा महिने थांबावं. मेकॅनिकला सोबत नेताना ५००-१,००० रुपये स्वतःच्या खिशातून द्या, म्हणजे तो विकणाऱ्याकडून चहापाणी घेऊन “गाडी बरीय” म्हणणार नाही.

शेवटचं काम व्यवहाराच्या दिवसाचं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, विम्याची बदली १४ दिवसांच्या आत. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो त्याच्याकडंच राहतो. आणि हा लेख गाडी विकणारा कुणी वाचत असेल तर त्याच्यासाठी, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून चावी देऊ नका. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, मधे गाडी चार हात फिरलेली असली तरी. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ लिहा, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स ठेवा, आणि महिनाभरानं ॲपवर आपला जुना नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का ते बघा. बदललं नसेल तर त्याच दिवशी फोन लावा.